आगीचा धूर आणि पृथ्वीचं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत सह्याद्रीत वणवे लागले, उसाच्या फडात पाचट पेटलं, किंवा ऑक्टोबरच्या शेवटी दिल्लीच्या धुराच्या बातम्या आल्या, की तेच प्रश्न नव्याने येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. आरोग्याचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. धुराने माणसं आजारी पडतात यात वाद नाही. हवामानाच्या हिशेबात मात्र भल्याभल्यांची गफलत होते, म्हणून हे पान तेवढ्यापुरतंच.

१. धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइडच ना?

नाही. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते कण. एक किलो वाळलेलं गवत किंवा लाकूड जळलं की साधारण दीड ते पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळणातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वजन जळणापेक्षा जास्त भरतं. शिवाय वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा मिथेन. कण मात्र पाच ते वीस ग्रॅमच. त्यातही निव्वळ काजळी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. उरलेला मोठा हिस्सा अर्धवट जळलेल्या सेंद्रिय, डांबरट पदार्थांचा, आणि थोडे पोटॅशियमसारखे क्षार.

बहुतेक कण एक मायक्रोमीटरपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असतात, पुष्कळसे तर ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. कणाचा आकार तरंगलांबीच्या जवळपास आला की तेवढ्याच वजनाचे कण प्रकाशाला सर्वांत जास्त अडवतात आणि वळवतात. या पानावरचं बरंचसं काही एवढ्या एका योगायोगातून निघतं.

२. हे कण हवेत किती दिवस राहतात?

खालच्या हवेत साधारण आठवडाभर. पाऊस असेल तर दोन-चार दिवसांत धुऊन निघतात, कोरड्या ऋतूत दोन आठवडेही टिकतात. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग मात्र शेकडो, थोडा तर हजारो वर्षं हवेत राहतो. त्यामुळे वायूचा परिणाम वर्षानुवर्षं साठत जातो, कणांचा साठत नाही. आग थांबली की पंधरवड्यात आकाश मोकळं होतं. याला एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

३. किलोमागे काही ग्रॅम कण. एवढ्याने पृथ्वीच्या हवामानाला काय फरक पडणार?

कण सूर्यप्रकाश विखुरतात, त्यामुळे काही प्रकाश अवकाशात परत जातो. त्यातली काजळी प्रकाश शोषून भोवतालची हवा तापवते. आणि याच कणांवर बाष्प जमून ढगांचे थेंब तयार होतात, म्हणजे ढगांची जातच बदलते. काही काजळी शेवटी हिमावर जाऊन बसते (प्रश्न १२).

आकडे दर चौरस मीटरला किती वॅट, या मापात देतात. १७५० पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वीच्या ऊर्जेत सुमारे २.१६ वॅटची भर घातली आहे. माणसाने हवेत सोडलेल्या सगळ्या कणांनी मिळून, म्हणजे कोळशाचे गंधकयुक्त कणही धरून, सुमारे १.१ वॅटची घट केली आहे. हे अंदाज आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालातले. दुसऱ्या आकड्यातली अनिश्चितता प्रचंड आहे: घट ०.४ ही असू शकते, १.७ ही. हे झालं जगाच्या सरासरीचं. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या इंडोएक्स मोहिमेत वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांना दक्षिण आशियावरून समुद्रात पसरलेला तपकिरी धुरकट थर सापडला. त्याखाली पाण्यापर्यंत पोचणारा सूर्यप्रकाश दर चौरस मीटरला १० वॅटहून जास्त कमी झाला होता.

४. मग धूर पृथ्वी थंड करतो की गरम? एका वाक्यात सांगा.

जमिनीवर गारवा, धूर असलेल्या थरात उष्णता, आणि जगभराची बेरीज शून्याच्या आसपास.

या विषयातला सगळ्यात फसवा आकडा हा शून्यच आहे, असं माझं मत. आयपीसीसीच्या २०१३ च्या अहवालात उघड्यावर जळणाऱ्या रानाच्या आणि पिकांच्या धुराचा प्रकाशावरचा थेट परिणाम चक्क ०.० वॅट दिला आहे, उणे ०.२ ते अधिक ०.२ या पट्ट्यासह. ते वाचून काही जण 'म्हणजे काहीच होत नाही' असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात हे शून्य दोन मोठ्या, विरुद्ध दिशांच्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेलं आहे. सेंद्रिय कण थंड करतात, काजळी तापवते. एखाद्या ठिकाणी एक बाजू जिंकते, दुसरीकडे दुसरी. पाऊस, वारे, ढग हे ठिकाणागणिकच्या फरकांवर चालतात, जगाच्या सरासरीवर नाही. कुठली बाजू कधी जिंकते, ते प्रश्न ५ ते ८ मध्ये.

५. वणवा, राब, चूल, पाचट: सगळ्यांचा धूर सारखाच का?

नाही. आग भडकून जळते की धुमसते, यावर बरंच ठरतं. आफ्रिकेतल्या गवताळ रानासारखी कोरडी, वाऱ्यावर पेटलेली आग भडकते. तिच्या धुरात काजळीचं प्रमाण जास्त, आणि तो उष्णता जास्त शोषतो. ओलं जळण धुमसतं. त्यातून किलोमागे कण जास्त निघतात, पण ते फिकट असतात आणि प्रकाश विखुरण्याकडे त्यांचा कल जास्त.

कोकणातला राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, हे धुमसण्याचं चांगलं उदाहरण. शेण, कवळ, पातेरा, गवत असे थर रचून वर माती पसरतात ती आग हळू चालावी म्हणूनच. धुमसण्याचं टोक पाहायचं तर इंडोनेशियात. तिथली दलदलीची पीट जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) एकदा पेटली की आठवडेच्या आठवडे जमिनीखाली धुमसत राहते. १९९७ च्या आगींत तिथून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन बाहेर पडल्याचा अंदाज आहे. त्या वर्षी जगाने जाळलेल्या कोळसा-तेलाच्या कार्बनशी तुलना केली तर हे १३ ते ४० टक्के होतं. पीटच्या धुरात काजळी फार कमी असते.

मधला एक प्रकारही असतो: तपकिरी कार्बन. हे सेंद्रिय कण निळा आणि अतिनील प्रकाश शोषतात, लाल सोडून देतात. ताजा धूर पिवळट-तपकिरी दिसतो तो यामुळे. उन्हात एक-दोन दिवस राहिले की त्यांचा रंग बराचसा उडतो. म्हणजे त्याच धुराचा हवामानावरचा परिणाम सोमवारी वेगळा आणि बुधवारी वेगळा.

६. एकच धूर एके ठिकाणी थंडावा देतो आणि दुसरीकडे उष्णता, हे कसं?

त्याच्याखाली काय आहे, त्यावर. काळ्या घोंगडीवर धूळ बसली की घोंगडी उजळ दिसते, पांढऱ्या चादरीवर बसली की चादर मळते.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अंगोला-नामिबियाच्या किनाऱ्यासमोर दर वर्षी घडतं. जगात दर वर्षी जळणाऱ्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के आफ्रिकेत आहे. जून ते ऑक्टोबरमध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला गवताळ प्रदेश जळतो आणि धूर दोन-चार किलोमीटर उंचीवरून पश्चिमेला अटलांटिकवर जातो. तिथे थंड पाण्यावर बुटक्या ढगांचा हजार-दीड हजार किलोमीटर पसरलेला थर असतो. उघडा समुद्र त्याच्यावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम ६ टक्के भाग परत पाठवतो, ढगांचा थर त्याच्या कितीतरी पट. धूर उघड्या पाण्यावर असेल तर तो पाण्यापेक्षा उजळ, म्हणून थंडावा. तोच धूर ढगांवर गेला की ढगांपेक्षा काळा, म्हणून उष्णता. २००९ च्या एका उपग्रह-अभ्यासात असं दिसलं की ढगांनी साधारण ४० टक्के आकाश व्यापलं की पारडं थंडाव्याकडून उष्णतेकडे झुकतं.

गंमत म्हणजे निरनिराळ्या हवामान मॉडेलांचं या भागात अधिक की उणे यावरही एकमत नव्हतं. म्हणून नासाने २०१६ ते २०१८ या काळात ओरॅकल्स नावाची मोहीम काढून विमानं थेट या धुरात नेली. २०१७ मध्ये ब्रिटिशांनी असेन्शन बेटावरून असंच काम केलं. खरी मेख दिसली ती अशी: धूर नेहमी ढगांच्या वर तरंगत राहत नाही. पुष्कळदा तो खाली उतरून ढगात मिसळतो, आणि मिसळला की गणित उलटतं (प्रश्न ७).

७. ढगाला कण लागतात. म्हणजे धुराने पाऊस वाढायला हवा ना?

तर्क बरोबर वाटतो, पण कण फार झाले की उलट होतं. ढगात बाष्प ठरावीकच असतं. ते वाटून घ्यायला कण जास्त आले की थेंब संख्येने जास्त पण आकाराने लहान होतात. शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात याचा एक परिणाम दाखवला: बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परतवतो. हा थंडावा देणारा परिणाम.

दुसरा परिणाम पावसावर. पावसाचा एक थेंब तयार व्हायला ढगातले दहा लाखांच्या घरातले थेंब एकत्र यावे लागतात. ते एकमेकांवर आदळून जुळायला सुरुवात होते ती थेंबांची त्रिज्या १४ मायक्रोमीटरच्या आसपास पोचली की. त्याहून बारीक थेंब एकमेकांना चुकवून जातात. डॅनियल रोझनफेल्ड यांनी १९९९ मध्ये पाऊस मोजणाऱ्या टीआरएमएम उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं की बोर्निओवरचे धुराचे ढग कोरडे राहिले, आणि शेजारच्या स्वच्छ हवेतले ढग बरसले.

ॲमेझॉनवरचं निरीक्षण याहून बोलकं आहे. मायनराट आंद्रेये, रोझनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. स्वच्छ हवेत ढगाच्या तळापासून दीड किलोमीटर वर पाऊस तयार होऊ लागत होता. धुरात ती पातळी पाच किलोमीटरच्या वर गेली, आगीवरच उभ्या राहिलेल्या ढगांत सातच्या वर. मग पाणी गेलं कुठे? ते वर गेलं. तिथे गोठताना उष्णता सुटते आणि ढगाला आणखी जोर येतो. म्हणजे भुरभुर पाऊस कमी, पण पुढे गडगडाट आणि गारा. १९९८ च्या वसंतात मेक्सिकोतल्या आगींचा धूर अमेरिकेच्या मैदानांवर पोचला, तेव्हा तिथल्या विजांची तऱ्हाही बदललेली नोंदली गेली: धन प्रभाराच्या विजा नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त.

म्हणून 'धुराने पाऊस कमी होतो' हे बुटक्या, उबदार ढगांबद्दल बऱ्यापैकी खरं आणि उंच गडगडाटी ढगांबद्दल अर्धंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून कायपीक्स प्रकल्पात भारतातल्या ढगांमध्ये विमानं नेली ती कण आणि पाऊस यांचं हेच नातं तपासायला.

८. धुरामुळे ढग नाहीसे होतात असंही वाचलं. प्रश्न ७ शी हे जुळत नाही.

दोन्ही खरं आहे, प्रसंग वेगळे. प्रश्न ७ मध्ये कण ढगाच्या आत आहेत. इथे ढग उगवायच्या आधीच हवेत धूर भरलेला आहे. वरचा धूर ऊन अडवतो, जमीन कमी तापते, बाष्प घेऊन वर जाणारे प्रवाह मंदावतात. शिवाय काजळी हवा तापवते आणि सापेक्ष आर्द्रता घटते. इलान कोरेन आणि सहकाऱ्यांनी ॲमेझॉनवर मोजलं: स्वच्छ हवेत विखुरलेले ढग ३८ टक्के आकाश व्यापत होते, दाट धुरात ते शून्यावर आले. पांढरे ढग गेले की ऊन परतवणारं काही उरत नाही, म्हणून याचा कल उष्णतेकडे.

९. धूर आला की गारवा जाणवतो. मोजलेलं उदाहरण आहे का?

आहे. सप्टेंबर १९८७, उत्तर कॅलिफोर्नियातली क्लॅमथ नदीची दरी. जंगलातल्या आगींचा धूर दरीत कोंडला आणि हॅपी कॅम्प या गावी दिवसाचं कमाल तापमान आठवडाभर नेहमीपेक्षा १५ अंश सेल्सिअसहून खाली राहिलं. तीन आठवडे ते ५ अंशांहून खाली होतं. धुराने ऊन अडवलं, म्हणून दरीतली हवा तापून वर उठेना, म्हणून धूर निघेना. असं चक्र दऱ्याखोऱ्यांतच बसतं. सपाट प्रदेशात वाऱ्याने धूर हलतो आणि घट काही अंशांपुरती राहते.

सूर्य लाल दिसतो तो का, हेही इथेच सांगतो: बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. पण सगळे कण जवळपास सारख्या, थोड्या मोठ्या आकाराचे असले तर उलट होतं. १९५० मध्ये कॅनडातल्या चिंचागा आगीचा धूर युरोपात पोचला, तेव्हा लोकांनी निळा सूर्य आणि निळा चंद्र पाहिला.

१०. आपल्याकडच्या हवेतली काजळी चुलीची की गाड्यांची?

याचं उत्तर देणारं एक महत्त्वाचं मोजमाप सिंहगडावर झालं आहे, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. एर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या हवेचे नमुने सिंहगडावर आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर गोळा केले आणि त्यातला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार, मोजला. तर्क असा: कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. लाकूड, गोवऱ्या, पाचट हे काल-परवाचं, त्यात तो असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण कार्बनी कणांपैकी दोन तृतीयांश जैविक जळणाचे होते. काजळीपुरतं पाहिलं तर मोजण्याच्या पद्धतीनुसार निम्मे ते दोन तृतीयांश.

गडावरच्या पिठलं-भाकरीच्या चुलींमुळे आकडा वाढला असेल, अशी शंका येते. पण शेकडो मैल दूर समुद्रात, मालदीवलाही चित्र तसंच निघालं. आणि हा आकडा हिवाळ्याचा, पश्चिम भारताचा आहे. तो मुंबईच्या सिग्नलवर उभं राहून लावू नये.

११. पंजाबातली पराली आणि आपलं पाचट यामुळे मान्सून बिघडतो का?

परालीचं वेळापत्रक पाहा. भाताचे खुंट ऑक्टोबर-नोव्हेंबरात जळतात, तेव्हा मान्सून परतलेला असतो. कण टिकतात आठवडाभर (प्रश्न २). तो धूर पुढच्या जूनपर्यंत हवेत राहूच शकत नाही. त्याचे खरे परिणाम तेव्हाचे आणि तिथले: झाकोळलेलं ऊन आणि दाट धुकं. जाळायची घाई का, यालाही कारण आहे. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ च्या कायद्याने भाताची लावणी उशिरावर ढकलली, त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत हाताशी फार थोडे दिवस उरतात.

मान्सूनच्या दृष्टीने मार्च ते मे महत्त्वाचा: गव्हाचे खुंट, वणवे, त्यात राजस्थानकडची धूळ. इथे शास्त्रज्ञांत उघड मतभेद आहेत. विल्यम लाऊ यांच्या २००६ च्या मांडणीनुसार हिमालयाच्या पायथ्याशी साठलेले काजळी-धुळीचे कण हवा तापवून वर ओढतात आणि पाऊस लवकर आणतात. रामनाथन यांचा रोख वेगळा: उत्तरेकडच्या समुद्रावर ऊन कमी पडतं, समुद्र दक्षिणेच्या मानाने कमी तापतो, आणि मान्सून दुबळा होतो. २० व्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य-उत्तर भारतातला मोसमी पाऊस घटला, त्यात माणसाने सोडलेल्या कणांचा मोठा हात होता, असं २०११ मध्ये बोलासिना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण त्या कणांत कोळशाच्या गंधकाचा वाटा मोठा आहे. ते सगळं पाप शेतकऱ्याच्या काडीवर घालता येत नाही.

पाचटाचं म्हणाल तर ऊस तुटतो हिवाळा-उन्हाळ्यात. त्या धुराचा मान्सूनशी संबंध लावायला माझ्याकडे आधार नाही. पाचट सरीत ठेवलं तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, हे न जाळण्याचं पुरेसं कारण आहे.

१२. हिमालयातला बर्फ धुराने वितळतोय का?

काही अंशी. ताजं हिम बहुतेक सगळं ऊन परतवतं. त्यावर अत्यल्प काजळी बसली तरी ते जास्त ऊन शोषतं आणि आधी वितळतं. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूच्या हिमनदीत खोदून काढलेल्या बर्फाच्या कांडीत १९७५ नंतरची काजळी त्याआधीच्या शतकाच्या सुमारे तिप्पट आढळली. ती सगळी जैविक धुराची नाही, डिझेल आणि कोळसाही आहेच. शिवाय धूळही हिम काळवंडवते. आणि तापमानवाढ मुख्य कारण आहेच, हे विसरून चालणार नाही.

१३. ऑस्ट्रेलियातला धूर ज्वालामुखीसारखा वर गेला म्हणतात. खरं?

खरं, आणि प्रश्न २ मधला अपवाद हाच. आग अतिप्रचंड असली की तिच्या उष्णतेतून स्वतःचा गडगडाटी ढग उभा राहतो आणि धूर तपांबर (ढग-पावसाचा खालचा थर) ओलांडून थेट त्यावरच्या स्थितांबरात फेकला जातो. तिथे पाऊस नाही, म्हणजे धुणारं कोणी नाही. त्यात भर म्हणजे काजळी ऊन शोषून भोवतालची हवा तापवते आणि धूर आपणहून आणखी वर चढतो. ज्वालामुखीच्या गंधकाच्या कणांना हे जमत नाही, ते जवळपास पारदर्शक असतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या आगींचा धूर १२ किलोमीटरवरून दोन महिन्यांत २३ किलोमीटरवर गेला आणि आठेक महिने टिकला. त्यात काजळी जेमतेम २ टक्के होती, पण तेवढी पुरली. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियन आगींनी लाखो टन धूर वर पाठवला. त्यातला एक लोळ सुमारे १,००० किलोमीटर रुंदीच्या भोवऱ्यात फिरत ३५ किलोमीटरपर्यंत चढला. खाली जमिनीला किंचित गारवा, वर स्थितांबरात उष्णता.

अनपेक्षित भाग ओझोनचा. सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की या सेंद्रिय कणांत हायड्रोजन क्लोराइड सहज विरघळतो, निष्क्रिय पडलेला क्लोरीन पुन्हा जागा होतो आणि दक्षिणेच्या मध्य अक्षांशांवर ओझोन ३ ते ५ टक्के घटतो. आणखी एक: याच आगींच्या खाली उतरलेल्या धुरातलं लोह दक्षिण महासागरात पडलं आणि तिथे शैवालाचा प्रचंड बहर आला. म्हणजे धुराने थोडा कार्बन परत ओढूनही घेतला.

१४. चूल 'कार्बन न्यूट्रल' ना? झाडाने घेतलेलाच कार्बन परत जातो.

कार्बन डायऑक्साइडपुरतं, आणि तेही तोडलेल्या सरपणाएवढं रान पुन्हा वाढत असेल तरच. काजळी आणि मिथेन यांना हा हिशेब लागू नाही. झाडाने काजळी शोषून घेतलेली नव्हती. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर घराघरांत गॅस पोचला, पण सिलिंडर भरणं परवडलं नाही की चूल पुन्हा पेटते. गॅस जीवाश्म इंधन असूनही काजळीच्या बाबतीत चुलीपेक्षा खूपच स्वच्छ आहे.

१५. होमहवन, अग्निहोत्र, होळी यांचा धूर वेगळा असतो का?

ज्वलनाला हेतू कळत नाही. तूप, समिधा आणि गोवऱ्या जळल्या की तेच सेंद्रिय कण आणि काजळी निघते. जगाच्या हवामानाच्या हिशेबात यांचं प्रमाण नगण्य आहे, त्यामुळे यावर भांडू नये.

१६. जगात आगी वाढतच चालल्यात ना?

जळणारं क्षेत्र उलट घटलं आहे. १९९८ ते २०१५ मध्ये ते जवळपास एक चतुर्थांशाने कमी झालं. मुख्य कारण, आफ्रिकेसारख्या ठिकाणी गवताळ रानाची शेतं झाली. पण घटल्या त्या गवताच्या आगी. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत चित्र वेगळं आहे. २०२३ मध्ये एकट्या कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. हेक्टरी धूर तिथे गवतापेक्षा कितीतरी जास्त निघतो आणि स्थितांबरात जाण्याची शक्यताही (प्रश्न १३). त्यामुळे एकूण क्षेत्र घटलं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

१७. सगळं जाळणं थांबवलं तर झाकलेली उष्णता उघडी पडेल का?

हा प्रश्न कोळशाच्या गंधकाबद्दल योग्य आहे, तिथे ती भीती खरी आहे. जैविक धुराचा थेट परिणाम जागतिक बेरजेत शून्याच्या आसपास असल्याने (प्रश्न ४) तसा मोठा धक्का अपेक्षित नाही. ढगांवरच्या परिणामाने थोडी तापमानवाढ उघडी पडू शकते. पण जाळणं थांबलं की मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि त्यातून खालच्या हवेत बनणारा, उष्णता धरून ठेवणारा ओझोनही घटतो. फायद्याची बाजू जड आहे.

१८. मग मुद्दाम धूर करून पृथ्वी थंड का करू नये?

कारण थंडाव्याबरोबर काजळीची उष्णता, बिघडलेला पाऊस आणि दीड-पावणेदोन पट वजनाचा कार्बन डायऑक्साइड फुकट मिळतो. कण आठवड्यात जातात, वायू राहतो. कृत्रिम थंडाव्याची चर्चा होते ती स्थितांबरातल्या गंधकाच्या कणांची. त्यावर संशोधन व्हावं असं क्रुट्झेन यांनी २००६ मध्ये लिहिलं, आणि ओझोनला धोका आहे हेही सांगितलं. धुराच्या टोकाच्या परिणामाचा इशाराही त्यांचाच: १९८२ मध्ये जॉन बर्क्स यांच्यासह त्यांनी दाखवलं की अणुयुद्धात पेटलेल्या जंगलांचा आणि शहरांचा धूर भर दुपारी अंधार करेल. 'अणुहिवाळा' ही कल्पना तिथून निघाली.

१९. दर वर्षीचे चढउतार सोडून धुराची सरासरी घेतली तर हिशेबात काय बिघडतं?

बरंच. स्वच्छ ढगात पडलेले पहिले काही कण खूप फरक करतात, त्यानंतरच्या कणांचा परिणाम घटत जातो. म्हणून दहा वर्षं थोडा थोडा धूर आणि नऊ वर्षं स्वच्छ मग एक वर्ष प्रचंड धूर, यांची बेरीज सारखी असली तरी हवामानावरचा परिणाम सारखा नसतो. पहिल्यात थंडावा जास्त.

हे प्रत्यक्षात नडलं. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालासाठी मॉडेलांना दिलेल्या आगींच्या नोंदी १९९७ पासून उपग्रहांवर आधारलेल्या होत्या. त्यात वर्षागणिक मोठे चढउतार होते. आधीची वर्षं अंदाजाने काढलेली, म्हणून गुळगुळीत. आगी एकूण तेवढ्याच असूनही नोंदींची तऱ्हा बदलल्यामुळे निदान एका मोठ्या अमेरिकन मॉडेलने उत्तर गोलार्धाच्या वरच्या अक्षांशांवर नसलेली तापमानवाढ दाखवली. नोंदी गुळगुळीत करून मॉडेल पुन्हा चालवल्यावर ती गेली.